‘कडक!’च्या पुढे

मित्राने माळशेज घाटातला पावसाचा फोटो पाठवला की आपण ‘कडक!’ लिहून मोकळे होतो. माझ्या टीममध्ये कोड रिव्ह्यूला नुसतं ‘छान’ चालत नाही. नेमकी ओळ दाखवावी लागते. फोटोलाही मी हाच नियम लावतो.

पहिला प्रश्न: पाऊस दिसतोय कुठे? पांढऱ्या आभाळापुढे थेंब हरवतात. मागे काळा कातळ असेल आणि उजेड पलीकडून येत असेल, तर तेच थेंब चमकतात. शटर १/६० सेकंद ठेवलं तर पावसाच्या रेघा होतात, १/१००० ठेवलं तर सुटे थेंब. यातलं त्याला काय हवं होतं, ते आधी विचारावं. मगच चूक काढावी.

बर्फाची अडचण वेगळी. कॅमेऱ्याचा मीटर पांढऱ्यालाही करडं करू बघतो, म्हणून मनालीचा बर्फ मळकट येतो. ‘डल वाटतोय’ यावर मित्र काय करणार? ‘एक्स्पोजर एक स्टॉप वाढवून बघ’ यावर करता येतं.

आल्फ्रेड स्टिग्लिट्झ १८९३ साली न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर हिमवादळात तीन तास उभा राहिला आणि एक घोडागाडी टिपली. तरी निगेटिव्ह त्याने अख्खी छापली नाही; कडा कापल्या. आता त्या फोटोत गाडी थेट वादळातून आपल्या अंगावर येते. तीन तास गारठलो म्हणून त्याने स्वतःच्या फोटोला सूट दिली नाही.

भिजण्याचं कौतुक जरूर करावं. पण भिजून आलेल्याचा फोटो दोन मिनिटं नीट बघणं, हा त्याचा खरा मान.