भूमीचा संकेतार्थ : ‘दगडी तराफा’ आणि दोन भौगोलिक कल्पना

संकेतार्थी वाक्यामागे एक मूक करार असतो. व्याकरणग्रंथांत त्याची नोंद सहसा आढळत नाही. ‘पाऊस पडला असता तर पीक आले असते’ या वाक्याचा पूर्वार्ध एकच गोष्ट बदलतो आणि उरलेले जग जसेच्या तसे ठेवतो. शेत तेच, बियाणे तेच, शेतकरीही तोच. हे ‘तेच’पण गृहीत धरल्यावाचून वाक्याला अर्थच येत नाही. पर्यायी इतिहास या नावाने ओळखला जाणारा वाङ्मयप्रकार हा याच वाक्यरचनेचा विस्तार होय. जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासराव गोळीतून बचावतात आणि १७६१ नंतरचा इतिहास निराळ्या वाटेने जातो. परंतु पेशवे, पुणे, पानिपत ही नावे त्या क्षणापर्यंत वाचकाच्या परिचयाच्याच वस्तूंचा निर्देश करीत असतात, आणि म्हणूनच पुढील बदल त्याला मोजता येतो.

लढाईऐवजी लेखकाने भूमीच बदलली म्हणजे मात्र हा करार धोक्यात येतो. ‘पिरेनीज पर्वत नसता तर स्पेन अधिक बलिष्ठ झाला असता’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण उत्तरार्धातील ‘स्पेन’ कोणता? त्या पर्वताच्या आडोशाने आणि अडथळ्याने शतकानुशतके जे घडत गेले, त्याचेच ते नाव. पर्वत काढून घेतला की नावाखालची वस्तूही निसटते. राष्ट्राचे सामर्थ्य भूगोलावर किती अवलंबून असते, हे दाखवू पाहणाऱ्या कल्पित लेखनाची खरी परीक्षा येथे होते. भूमीतील फरक किती भव्य आहे याला फारसे महत्त्व नाही. तो काळाच्या कोणत्या बिंदूवर केला आहे, हा प्रश्न महत्त्वाचा.

या दृष्टीने अमेरिकन कादंबरीकार हॅरी टर्टलडव्ह यांच्या दोन कृती उद्बोधक आहेत. त्यांच्या अटलांटिस-त्रयीत (पहिली कादंबरी २००७, दुसरी २००८, तिसरी २००९) उत्तर अमेरिकेचा पूर्वेकडील भाग भूवैज्ञानिक काळातच मुख्य भूमीपासून तुटून महासागरात एक मोठे बेट झाला आहे. या बेटाची प्राणिसृष्टी लेखकाने कसोशीने रचली आहे. वटवाघळे सोडली तर तेथे मूळचे सस्तन प्राणी नाहीत. त्यांच्या जागी न उडणारे प्रचंड पक्षी आहेत. मनुष्यवस्ती मुळीच नाही. एवढे झाल्यावर १४५२ मध्ये एक इंग्रज कोळी एका ब्रेटन कोळ्याच्या मागोमाग तेथे पोहोचतो, वसाहती होतात, इंग्रज-फ्रेंच युद्ध होते, स्वातंत्र्ययुद्ध होते आणि शेवटी गुलामांचा उठाव होतो. पक्षी बदलले, परंतु इंग्लंड बदलले नाही. पश्चिम युरोपच्या हवामानाला उबदारपणा देणारे सागरी प्रवाह ज्या महासागरातून वाहतात, त्यात एवढी भूमी उभी केल्यावर ते पूर्ववत् वाहतील काय, आणि न वाहिले तर तो इंग्रज कोळी, त्याची भाषा, त्याचा राजा यांचे काय, हा प्रश्न कादंबरी विचारीतच नाही. परिचित इतिहासाची प्रतिबिंबे ओळखण्याचा आनंद वाचकाला मिळतो आणि तो खोटा नाही. लेखकाला तोच अभिप्रेत असावा. तथापि भूगोल राष्ट्राला घडवितो हे दाखविण्याऐवजी, भूगोल कसाही असला तरी राष्ट्रे तशीच घडतात असेच ही त्रयी नकळत सिद्ध करते.

‘डाउन इन द बॉटमलँड्स’ ही त्यांची १९९३ मधील दीर्घकथा याच्या अगदी उलट टोकाला आहे. सुमारे साठ लक्ष वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राचा अटलांटिकशी संबंध तुटून तो बव्हंशी आटला होता, आणि सुमारे त्रेपन्न लक्ष वर्षांपूर्वी जिब्राल्टरच्या बाजूने पाणी पुन्हा आत शिरले. या समुद्रात नद्या जेवढे पाणी आणतात त्याहून अधिक पाण्याची वाफ होते. अटलांटिकचा ओघ बंद झाला तर तो आजही टिकणार नाही. टर्टलडव्ह यांनी दार पुन्हा उघडूच दिलेले नाही. येथे मात्र ते परिणामांना भ्यालेले नाहीत. ग्रीस नाही, रोम नाही, कार्थेज नाही. आहे ते तार्तेश नावाचे एक राष्ट्र, आणि निअँडरथल-सदृश मानवांचा एक वंशही तगून राहिला आहे. तार्तेशचा शत्रू सैन्य धाडीत नाही. महासागराला थोपवून धरणारी पर्वतरांग अण्वस्त्राने फोडावी आणि खालचा प्रदेश बुडवून टाकावा, असा तो कट आहे. एका राष्ट्राचे अस्तित्व एका नैसर्गिक भिंतीवर टेकलेले असणे, ही कल्पना या कथेचे बळ होय. पण तर्काची ही शुद्धता महाग पडते. तार्तेश अधिक बलिष्ठ की दुर्बल, हे कशाच्या तुलनेत ठरवावे? करार पाळण्यासाठी सर्व विशेषनामे टाकावी लागली, आणि विशेषनामांबरोबर मोजपट्टीही गेली.

मराठी वाचकाला हा पेच परका वाटू नये. ‘सह्याद्री नसता तर मराठ्यांची सत्ता उभी राहिली नसती’ हे विधान सभा-संमेलनांतून वारंवार ऐकू येते. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० मधील आपल्या इंग्रजी ग्रंथात मराठी सत्तेच्या उदयाची पार्श्वभूमी सांगताना प्रदेशाच्या नैसर्गिक रचनेला स्थान दिले आहे. पण ते घडलेल्या गोष्टीचे कारण सांगतात. न घडलेल्या गोष्टीचे भाकीत करीत नाहीत. सह्याद्री नसता तर देश आणि कोकण हा भेद नसता, घाटमाथ्याच्या पूर्वेचा पर्जन्यछायेचा प्रदेश नसता, बोलींची आजची विभागणी नसती. मग ‘मराठे’ हा शब्द त्या वाक्यात कोणाला उद्देशून योजला आहे? अटलांटिस-त्रयीतील इंग्लंडइतकाच तो शब्द निराधार होतो.

या दोन टोकांमधील मार्ग शास्त्रीय कल्पनेची लवमात्र पर्वा न करणाऱ्या एका कादंबरीने काढावा, ही गोष्ट लक्षणीय आहे. पोर्तुगीज कादंबरीकार जुझे सारामागो यांची ‘आ झांगादा द पेद्रा’, म्हणजे ‘दगडी तराफा’, १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षाच्या १ जानेवारीला पोर्तुगाल आणि स्पेन युरोपीय आर्थिक समुदायाचे सदस्य झाले होते. कादंबरीत पिरेनीज पर्वताला भेग पडते, इराती नदीचे पाणी तीत नाहीसे होते आणि सबंध आयबेरिया युरोपपासून सुटून अटलांटिकमध्ये पश्चिमेकडे सरकू लागतो. कारण दिलेले नाही. एका स्त्रीने जमिनीवर काठीने रेघ ओढली, एका पुरुषाने समुद्रात जड धोंडा फेकला, सर्बेर गावचे मुके कुत्रे भुंकू लागले, एवढेच समोर ठेवले आहे. भूवैज्ञानिकाला हे हास्यास्पद वाटेल. संकेतार्थाच्या मीमांसकाला तसे वाटण्याचे कारण नाही, कारण सारामागो यांनी बदल भूतकाळात न करता आजच्या क्षणी केला आहे. ही दोन्ही राष्ट्रे आपला सर्व इतिहास, कर्जे, सीमा आणि परस्परांविषयीचे संशय घेऊनच तराफ्यावर चढली आहेत. नावे जशीच्या तशी टिकतात. बदलते ती केवळ त्यांची जागा.

आणि मग दिसते ते असे की क्षेत्रफळ, लोकसंख्या, नद्या, पर्वत यांपैकी काहीच फारसे न बदलता सामर्थ्य मात्र बदलते. पर्यटक आणि श्रीमंत लोक पळ काढतात. रिकाम्या पडलेल्या हॉटेलांत बेघर माणसे शिरतात. युरोपीय शासने चिंता प्रकट करतात, तिच्याखाली सुटकेचा नि:श्वास लपत नाही; उलट तेथील तरुण भिंतींवर आपणही आयबेरियनच असल्याची घोषणा लिहितात. द्वीपकल्प अझोर बेटांवर आदळणार या भीतीने किनारा रिकामा होतो. तो वळतो, तेव्हा मुत्सद्द्यांचे हिशेबही त्याच्याबरोबर वळतात. यांतला सर्वांत मार्मिक प्रसंग जिब्राल्टरचा आहे. १७०४ मध्ये इंग्रज-डचांच्या आरमाराने घेतलेला आणि १७१३ च्या उट्रेख्ट तहाने ब्रिटनला मिळालेला हा खडक कादंबरीत जागच्या जागी राहतो आणि स्पेनच त्याच्यापासून दूर निघून जातो. अडीचशेहून अधिक वर्षांचा वाद न सुटता निकालात निघतो. खडकाचे मोल खडकात नव्हतेच, ते समोरासमोरच्या दोन किनाऱ्यांत होते. एक किनारा गेल्यावर सामुद्रधुनी हा शब्दच त्या ठिकाणी लागू पडत नाही. राष्ट्रीय सामर्थ्य हा भूमीचा गुण नसून शेजाराचा संबंध आहे, हे कोणत्याही प्रबंधापेक्षा येथे अधिक स्पष्टपणे कळते.

‘द्वीपकल्प’ या शब्दाकडेही येथे पाहावयास हवे. पाणिनीच्या व्यवस्थेत ‘कल्प’ हा प्रत्यय किंचित् अपूर्णता दाखवितो. बेट होता होता राहिलेली भूमी ती द्वीपकल्प. लॅटिनवरून आलेला पोर्तुगीज शब्दही नेमके हेच सांगतो. ती अपूर्णता संपल्यावरही निवेदक त्या भूमीला द्वीपकल्प म्हणत राहतो. वस्तू बदलल्यावर शब्द किती काळ मागे रेंगाळतो याचे हे उत्तम उदाहरण होय. अवतरणचिन्हे न वापरता स्वल्पविरामांनी जोडलेले संवाद, निवेदकाच्या आणि पात्रांच्या बोलण्यातील पुसट सीमा, ही सारामागोंची नेहमीचीच शैली. परंतु सीमारेषा हाच विषय असलेल्या या कादंबरीत ती विशेष समर्पक ठरते.

कादंबरीत उणिवा नाहीत असे नाही. पंतप्रधानांची भाषणे आणि राष्ट्राध्यक्षांची वक्तव्ये यांचा उपहास लवकरच एकसुरी होतो. सत्तेची यंत्रे आतून कशी चालतात हे त्यातून कळत नाही. अखेरीस तराफा दक्षिणेकडे उतरतो आणि आफ्रिका व दक्षिण अमेरिका यांच्या दरम्यान थांबतो. त्या दिशेमागे आशा आहे, युक्तिवाद नाही. ब्राझील आणि अंगोला यांच्या किनाऱ्यांमध्ये जुना राज्यकर्ता शेजारी म्हणून येऊन उभा राहतो, तेव्हा त्या देशांना काय वाटते याची कादंबरीने फारशी चौकशी केलेली नाही. गोव्यात १५१० पासून १९६१ पर्यंत जी सत्ता नांदली ती लिस्बनच्या शेजारामुळे आलेली नव्हती. ती गलबतांतून, महासागर ओलांडून आली होती. पोर्तुगाल त्या अर्थाने पूर्वीही एकदा किनाऱ्यापासून सुटून तरंगत गेला होता, आणि त्या वेळी त्याचा तराफा जेथे जेथे लागला तेथील माणसांचे अनुभव पोर्तुगीजच्याच आश्रयाने वाढलेल्या अनेक भाषांत नोंदले गेले आहेत. सारामागोंचे प्रवासी मात्र आपल्याच भूमीवर फिरत राहतात. त्यांच्यातील वृद्ध पेद्रु ओर्से मरतो, त्याच्या थडग्यावर रोवलेली एल्मची काठी हिरवी दिसू लागते, आणि समोरच्या दोन खंडांशी त्या नव्या बेटाचे नाते काय असेल हा प्रश्न कादंबरी तसाच सोडून देते.