ग्रॅन टुरिस्मो

मोटार चालविण्याच्या क्रियेचे वास्तवाला धरून अनुकरण करणारा एक प्रसिद्ध जपानी व्हिडिओ खेळ व त्याच नावाची खेळमाला. सोनी कंपनीच्या ‘प्लेस्टेशन’ या, दूरचित्रवाणी संचाला जोडून वापरावयाच्या खेळयंत्रासाठी हा खेळ २३ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये व मे १९९८ मध्ये अमेरिका आणि यूरोप येथे विक्रीस आला. मूळ इटालियन शब्दांचा अर्थ ‘मोठा प्रवास’ असा असून दूरच्या प्रवासास योग्य अशा वेगवान व आरामशीर मोटारींच्या वर्गास हे नाव रूढ आहे. खेळाचे निर्माते काझुनोरी यामाउची (५ ऑगस्ट १९६७– ) हे होत. त्यांच्या लहानशा गटाने सुमारे पाच वर्षे खपून तो तयार केला. १९९८ मध्ये या गटाची ‘पॉलिफनी डिजिटल’ ही स्वतंत्र संस्था झाली. खेळाच्या एक कोटी आठ लाखांहून अधिक प्रती खपल्या. तथापि त्याचे महत्त्व केवळ खपात नाही. मोटारीचे अनुकरण आणि शर्यतीचे अनुकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही बाब या खेळाच्या गुणदोषांतून विशेष स्पष्ट होते.

पार्श्वभूमी : मोटारशर्यतीच्या व्हिडिओ खेळांचे आरंभी दोन प्रवाह होते. नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रांवरील खेळ हा पहिला प्रवाह. ‘अटारी’ या अमेरिकन कंपनीचा ग्रॅन ट्रॅक १० (१९७४) व ‘नॅम्को’ या जपानी कंपनीचा पोल पोझिशन (१९८२) हे त्यातील ठळक खेळ होत. खेळाडूला काही मिनिटे वेगाचा आनंद देणे एवढाच त्यांचा हेतू असल्याने मोटारीचे वजन, टायरची पकड इ. गोष्टींना त्यांत फारसे स्थान नव्हते. दुसरा प्रवाह घरगुती संगणकांवरील खेळांचा. जेफ क्रॅमंड यांचा रेव्ह्ज (१९८४) व ‘पपायरस’ या संस्थेचा इंडियानापोलिस ५०० (१९८९) यांत गतिशास्त्राचे नियम काटेकोरपणे पाळण्याचा प्रयत्न होता. पण ते मुख्यत्वे शर्यतीच्या खास मोटारींचे खेळ होते व त्यांचा चाहतावर्ग मर्यादित राहिला. ग्रॅन टुरिस्मोने दुसऱ्या प्रवाहाची शिस्त पहिल्या प्रवाहाच्या लोकप्रिय यंत्रावर आणली आणि शर्यतीच्या मोटारींबरोबर रस्त्यावर नित्य दिसणाऱ्या मोटारींनाही नायकत्व दिले. प्लेस्टेशनच्या प्रक्रियकाचा वेग सेकंदाला सुमारे ३.४ कोटी आवर्तने व मुख्य स्मृती अवघी दोन मेगाबाइट एवढी होती, हे लक्षात घेता ही कामगिरी लहान नव्हे.

गुण : खेळाचा पहिला व सर्वांत मोठा गुण म्हणजे मोटारीच्या वागणुकीतील प्रामाणिकपणा. टायरची रस्त्यावरील पकड मर्यादित असते आणि ती वेग वाढविणे, ब्रेक लावणे व वळणे या क्रियांत वाटली जाते. वळणात शिरल्यावर जोराने ब्रेक लावल्यास पुढच्या चाकांजवळ वळण्यासाठी पकड उरत नाही व मोटार सरळ पुढे घसरते. ब्रेक लावताच मोटारीचे वजन पुढच्या चाकांवर येते, तर वेग वाढविताच ते मागे सरकते. या साध्या नियमांतून निरनिराळ्या मोटारींचे स्वभाव कसे निर्माण होतात, हे खेळताना हाताला कळू लागते. पुढच्या चाकांना शक्ती देणारी मोटार वळणात घाईने वेग वाढविल्यास बाहेरच्या बाजूला ओढते. मागच्या चाकांना शक्ती देणारी मोटार त्याच चुकीने शेपूट फेकते. चारही चाकांना शक्ती देणारी मोटार अधिक क्षमाशील, पण काहीशी जड वाटते. टोयोटा, निसान, होंडा, मझ्दा, मित्सुबिशी, सुबारू इ. कंपन्यांच्या सुमारे १४० मोटारी खेळात असून त्यांतील भेद केवळ रंगरूपाचे नाहीत, हेच त्याचे यश होय.

चालकाला खऱ्या मोटारीत बसल्या जागी जे धक्के व ओढ जाणवते, ते पडद्यासमोर बसलेल्या खेळाडूला मिळणे शक्य नसते. ही उणीव खेळाने आवाजाने भरून काढली आहे. पकड सुटू लागताच टायर किंचाळतात व त्या आवाजाच्या चढउतारावरून सरावलेला खेळाडू वळणाचा वेग ठरवितो. त्याच सुमारास आलेल्या, थरथरणाऱ्या नियंत्रकाचीही यास जोड मिळाली.

दुसरा गुण रचनेचा. खेळाडूला आरंभी दहा हजार एवढे खेळातील चलन मिळते. त्यात एखादी जुनी, वापरलेली मोटार घ्यावयाची, लहान शर्यती जिंकून पैसे साठवावयाचे, एंजिन, स्प्रिंगा, गिअर, टायर यांत सुधारणा करावयाच्या व हळूहळू वरच्या स्पर्धांत उतरावयाचे, असा हा क्रम आहे. स्पर्धांत भाग घेण्यापूर्वी चालक-परवान्याच्या परीक्षाही द्याव्या लागतात. ठरावीक अंतरात मोटार थांबविणे, एकच वळण दिलेल्या वेळेत पार करणे अशा या छोट्या परीक्षांत सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी तीच कृती पुनःपुन्हा करावी लागते. अनेकांना त्या कंटाळवाण्या वाटल्या. परंतु खेळाचे मर्म त्यांतच आहे. तेथे प्रतिस्पर्धी नसतो, नशीब नसते व महागड्या मोटारीचा आधारही नसतो. केव्हा ब्रेक लावावा आणि केव्हा सोडावा, एवढाच प्रश्न उरतो.

दोष : मोटार जितकी सजीव, तितकेच तिच्या भोवतालचे जग निर्जीव आहे. एका शर्यतीत खेळाडूसह सहाच मोटारी असतात. इतर पाच मोटारी रुळावरून चालाव्यात तशा आखीव मार्गाने जातात. खेळाडूची मोटार त्या मार्गात आली, तर त्या तिला टाळत नाहीत, धडकतात. त्यांच्यावर दबाव आणता येत नाही व त्यांना चुकविण्यात डावपेचही नसतात. दुसऱ्याच्या मनाचा अंदाज घेणे हा शर्यतीचा गाभा येथे जवळजवळ नाही.

दुसरा दोष यापेक्षा गंभीर आहे. धडक बसल्याने मोटारीचे काहीच बिघडत नाही. त्यामुळे वळणापूर्वी ब्रेक न लावता भिंतीला घासत जाणे किंवा पुढच्या मोटारीवर आदळून स्वतःचा वेग कमी करणे ही चालविण्याची ‘चूक’ न राहता किफायतशीर युक्ती ठरते. टायरच्या पकडीबाबत इतका काटेकोर असलेला हा खेळ भिंतीबाबत मात्र कमालीचा सैल आहे. शिवाय पैसा साठल्यावर स्पर्धेच्या मानाने फार बलवान मोटार घेऊन सहज जिंकता येते. परवान्याच्या परीक्षा जे कौशल्य शिकवितात, त्याची गरज पुढील बऱ्याच शर्यतींत उरत नाही.

पुढील विकास : नंतरच्या भागांत मुख्य भर संख्यावाढीवर राहिला. ग्रॅन टुरिस्मो २ (१९९९) मध्ये सुमारे ६५०, तर ग्रॅन टुरिस्मो ५ (२०१०) मध्ये हजारांहून अधिक मोटारी होत्या. परंतु पाचव्या भागातील सुमारे आठशे मोटारी जुन्या भागांतून जवळजवळ तशाच उचलल्या होत्या. संग्रहाची हौस अनुकरणावर मात करीत असल्याची टीका त्यामुळे झाली. सातव्या भागाच्या (मार्च २०२२) बाबतीत हा दोष अधिक बोचला. एका सुधारणेनंतर तीस तासांहून अधिक काळ सेवा बंद पडली आणि एकट्याने खेळावयाचा बहुतेक भागही इंटरनेटवर अवलंबून असल्याने तो खेळता येईना. त्याच सुमारास काही शर्यतींची बक्षिसे घटविण्यात आली होती. खेळातील चलन खऱ्या पैशाने विकत घेण्याची सोय असल्याने खेळाडूंचा रोष वाढला व यामाउची यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. काटकसरीने जुनी मोटार घेऊन पुढे जाण्यातील पहिल्या भागाची गोडी येथे उलटली.

प्रतिस्पर्ध्यांबाबतचा दोष दूर करण्याचा खरा प्रयत्न मात्र याच काळात झाला. सोनीच्या संशोधकांनी तयार केलेल्या ‘सोफी’ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने ऑक्टोबर २०२१ मध्ये या खेळातील निष्णात खेळाडूंना हरविले. त्याचा शोधनिबंध फेब्रुवारी २०२२ मध्ये नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. केवळ वेग नव्हे, तर इतरांना न धडकता शर्यत करण्याचा शिष्टाचारही तिला शिकवावा लागला, हे लक्षणीय आहे.

मूल्यमापन : या खेळात कमावलेले कौशल्य खऱ्या मोटारीत उपयोगी पडते काय, याची कसोटी निसान व सोनी यांनी २००८ पासून चालविलेल्या ‘जीटी अकॅडमी’ या उपक्रमात लागली. पहिला विजेता स्पेनचा लुकास ओर्दोनेझ २०११ मध्ये ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात दुसरा आला. ब्रिटनचा जॅन मार्डनबरो (२०११ चा विजेता) व ओर्दोनेझ यांचा चमू २०१३ मध्ये तेथेच आपल्या गटात तिसरा आला. मोटारीबाबत खेळ जे शिकवितो ते खरे आहे, याचा हा पुरावा होय. मार्च २०१५ मध्ये जर्मनीतील न्यूरबुर्गरिंग येथे मार्डनबरोची मोटार हवेत उसळून कुंपणापलीकडे गेली व एका प्रेक्षकाचा मृत्यू झाला. तोच मार्ग २००४ मधील चौथ्या भागापासून खेळात आहे. तेथे अशा अपघाताची किंमत काही सेकंद एवढीच असते. या अपघाताचा दोष खेळाकडे जात नाही. अनुकरणाची सीमा मात्र त्यातून दिसते. वजन, वेग व पकड यांचे गणित मांडता येते. चुकीची जबाबदारी तशी मांडता येत नाही आणि मूळ खेळाने ती मांडण्याचा प्रयत्नच केला नव्हता. म्हणून शर्यतीचा खेळ म्हणून ग्रॅन टुरिस्मो अपुरा आहे. माणूस व मोटार यांच्यातील नाते समजावून देणारा खेळ म्हणून मात्र त्याचे स्थान वरचे आहे व पुढील बहुतेक खेळांचे मोजमाप त्याच्याशी तुलना करूनच झाले आहे.