सणाची सुट्टी आणि जातीचा दाखला : मुस्लिम समाजाच्या शासकीय मान्यतेची चिकित्सा

बीजसंज्ञा : शासकीय मान्यता, मुस्लिम ओबीसी, दलित मुस्लिम, अनुसूचित जाती आदेश, धर्मनिरपेक्षता.

प्रस्तावना

भारतीय मुस्लिम समाजाला शासनाकडून मिळालेली मान्यता दोन प्रकारची आहे. पहिली त्याच्या धर्माचरणाला मिळालेली असून ती सुट्ट्यांच्या यादीत दिसते. दुसरी या समाजातील जाती-जमातींना मिळालेली असून ती जातीच्या दाखल्यात दिसते. या दोहोंचा विचार सहसा स्वतंत्रपणे केला जातो. प्रस्तुत लेखात शासकीय आदेश व आयोगांचे अहवाल यांच्या आधारे त्यांचा परस्परसंबंध तपासला आहे.

धर्माचरणाची मान्यता

रमजान ईद, बकरी ईद, मोहरम आणि ईद-ए-मिलाद हे चारही दिवस केंद्र शासनाच्या व महाराष्ट्र शासनाच्या सुट्ट्यांत समाविष्ट आहेत. पैकी ईद-ए-मिलादच्या सुट्टीची घोषणा पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंग यांनी १५ ऑगस्ट १९९० रोजी लाल किल्ल्यावरून केली होती. ही मान्यता लवचिकही आहे. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी व ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आल्या, तेव्हा मुस्लिम संघटनांनी मिरवणूक पुढे ढकलली आणि राज्य शासनाने सुट्टी २८ ऐवजी २९ सप्टेंबरला दिली. या सामंजस्याचे मोल कमी लेखता येत नाही. आपला पवित्र दिवस सर्वांच्या दिनदर्शिकेत असणे हे समान नागरिकत्वाचे चिन्ह आहे. मात्र ही मान्यता समाजाला एकसंध धरून चालते. सुट्टी सय्यदालाही मिळते आणि पिंजाऱ्यालाही. दोघांच्या सामाजिक स्थितीतील अंतर तिच्यात उमटत नाही.

जमातींची मान्यता

हे अंतर मंडल आयोगाने १९८० च्या अहवालात नोंदवले. धर्मांतरित अस्पृश्य आणि ज्यांच्या समव्यवसायी हिंदू जाती मागास ठरल्या आहेत असे परंपरागत व्यावसायिक समूह, हे बिगरहिंदूंसाठी आयोगाचे निकष होते. अहवालाच्या अंमलबजावणीची घोषणा ७ ऑगस्ट १९९० रोजी, म्हणजे लाल किल्ल्यावरील भाषणाच्या आठ दिवस आधी झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या इंद्रा साहनी खटल्यात ती वैध ठरवली. तरीही महाराष्ट्रात प्रत्यक्ष दाखला मिळवण्यासाठी चळवळ उभारावी लागली. जालन्याचे शब्बीर अन्सारी यांनी तिचे नेतृत्व केले, तर अभिनेते दिलीपकुमार तिच्या व्यासपीठावर आले. १९९४ च्या शासननिर्णयाने अत्तार, तांबोळी, बागवान, मणियार, मोमीन अशा समूहांचा मार्ग सुकर केला. सुट्टीसाठी एक घोषणा पुरली. दाखल्यासाठी आयोग, न्यायालय आणि चळवळ या तिन्ही पायऱ्या चढाव्या लागल्या.

मान्यतेची सीमा

अनुसूचित जातींच्या बाबतीत तर ही वाट बंदच आहे. १९५० च्या राष्ट्रपती आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. १९५६ मध्ये त्यात शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. मुस्लिम व ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. यातील विसंगती महाराष्ट्राच्या यादीतच आढळते. भंगी, मेहतर यांच्यासोबत तेथे ‘हलालखोर’ व ‘लालबेगी’ ही नावे आहेत. ही नावे मुस्लिम संस्कृतीच्या परिसरातील आहेत, पण इस्लाम पाळणाऱ्या हलालखोराला त्या नोंदीचा लाभ मिळत नाही. म्हणजे येथे धर्माचरण हीच वंचिततेची अट ठरते. ज्या नमाजीच्या ईदला शासन सुट्टी देते, त्याच नमाजीला त्याच्या नमाजामुळे दाखला नाकारला जातो.

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने अश्रफ, अजलाफ व अर्जल हे स्तर स्पष्ट केले आणि मुस्लिमांतील ओबीसींचे प्रमाण ४०.७ टक्के असल्याचे दाखवले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये तिसरा परिच्छेद वगळण्याची शिफारस केली; सदस्य-सचिवांनी तिला भिन्नमत जोडले. शिफारस अमलात आली नाही. २०२२ मध्ये याच प्रश्नासाठी माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमण्यात आला.

आक्षेपांचा विचार

इस्लाममध्ये जात नाही, म्हणून जातीनिहाय मान्यता अप्रस्तुत आहे, असा आक्षेप घेतला जातो. तत्त्व म्हणून तो खरा आहे, पण शासनाला धर्मग्रंथाची नव्हे, समाजस्थितीची दखल घ्यायची असते. शीख व बौद्ध धर्मांनीही जात नाकारली आहे. तरीही त्यांच्या अनुयायांचे मागासलेपण मान्य झाले. एकसंध मुस्लिम समाजाची कल्पना समाजातील उच्चस्तरीय नेतृत्वालाही सोयीची आहे, हे येथे विसरता येत नाही. उलटपक्षी, २०१४ च्या अध्यादेशाने महाराष्ट्रात मागास मुस्लिम समूहांना पाच टक्के आरक्षण दिले, तेव्हा ते धर्माधारित असल्याची टीका झाली. उच्च न्यायालयाने शैक्षणिक प्रवेशापुरते ते ग्राह्य धरले. मात्र अध्यादेशाचे कायद्यात रूपांतर झाले नाही आणि तो व्यपगत झाला.

निष्कर्ष

शासकीय मान्यतेत धर्माचरणाचे स्थान सुलभ आणि समाजांतर्गत विषमतेचे स्थान दुर्लभ आहे. याचे कारण उघड आहे. सुट्टीमुळे साधनसंपत्तीचे फेरवाटप होत नाही, दाखल्यामुळे होते. म्हणून सणांच्या यादीवरून एखाद्या शासनाच्या धर्मनिरपेक्षतेचे मूल्यमापन करणे अपुरे आहे. त्यासाठी एकाच व्यवसायाचे व एकाच अवहेलनेचे धनी असलेले दोन मेहतर, एक हिंदू व एक मुस्लिम, तहसील कार्यालयात दाखल्यासाठी गेले असता त्यांना काय मिळते, हे पाहावे लागेल.