बहादूरला म्हातारा होऊ द्या

टाइम्स समूहाचे इंद्रजाल कॉमिक्स १९९० मध्ये बंद झाले आणि भगवा कुर्ता व जीन्स घालणारा बहादूर वाचकांच्या नजरेआड गेला. आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये त्याला जन्म दिला, गोविंद ब्राह्मणिया यांनी त्याचे रूप रेखाटले, पुढे जगजित उप्पल यांनी त्याच्या कथा लिहिल्या. इंद्रजालच्या मराठी आवृत्तीमुळे तो इथल्या वाचकाला वेताळ आणि मँड्रेक यांच्याच पंगतीत भेटला. परदेशी नायकांच्या त्या गर्दीत तो इथल्या मातीतला होता. आज त्याचे जुने अंक संग्राहकांच्या कपाटात आहेत आणि नव्या पिढीला त्याचे नावही ठाऊक नाही. त्याला परत आणण्याची गोष्ट निघाली की पहिली सूचना ठरलेली असते: पाटी पुसा आणि नव्याने सुरुवात करा. नायक विशीतला, हातात मोबाइल, खलनायक सायबर गुन्हेगार. हा रीबूटचा मार्ग बहादूरच्या बाबतीत अनावश्यक आहे आणि घातकही आहे, असे माझे मत आहे. मधली पस्तीसहून अधिक वर्षे बहादूरच्याही आयुष्यातून गेली असे धरले, तर त्या काळातच नव्या कथांचे सगळे साहित्य आहे.

मुळात बहादूर काय होता ते पाहू. तो चंबळच्या खोऱ्यातला, डाकूचा मुलगा. बाप पोलिसांच्या गोळीने मेला आणि ज्या अधिकाऱ्याने ती गोळी झाडली त्यानेच मुलाला वाढवले. सूडाने पेटलेला पोर मारेकऱ्याच्या घरी लहानाचा मोठा होतो, हा पेच भारतीय चित्रकथेत एरवी फारसा सापडत नाही. मोठा झाल्यावर बहादूर डाकूंविरुद्ध गावकऱ्यांचे सशस्त्र नागरिक सुरक्षा दल उभे करतो. बेला ही त्याची साथीदार, आणि तीही लढणारी. त्याच्याकडे अतिमानवी शक्ती नाही. त्याची शक्ती म्हणजे त्याने उभी केलेली संस्था, आणि संस्थेचे वय माणसाच्या वयाला बांधलेले नसते. म्हणजे बहादूर सत्तरीला टेकला तरी दल चालू राहू शकते. त्याचे प्रमुखपद बेलाकडे असेल, किंवा एखाद्या शरण आलेल्या डाकूच्या नातीकडेही. अमेरिकन लेखक ली फॉक यांनी १९३६ मध्ये वेताळ निर्माण करताना हीच युक्ती वापरली होती. त्यांचा नायक एकविसावा वेताळ आहे. मुखवटा बापाकडून मुलाकडे जातो आणि जंगलातले लोक त्याला अमर समजतात. बहादूरकडे मुखवटा नसला तरी दल आहे. सुरतींनी ही सोय ठरवून केली असेल-नसेल, ती आहे एवढे खरे.

पाटी पुसण्याचे फळ काय मिळते, याचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. डीसी कॉमिक्सने २०११ मध्ये आपल्या विश्वाचा इतिहास बदलून एकाच वेळी ५२ मासिके पहिल्या अंकापासून सुरू केली. सुरुवातीला खप वाढला, पण २०१६ मध्ये त्याच कंपनीला पुसलेला इतिहास आणि हरवलेली नाती परत आणण्याची मोहीम काढावी लागली. याउलट कॅप्टन अमेरिका पाहा. १९४१ मध्ये सुरू झालेला हा नायक युद्धानंतर मागे पडला, पन्नाशीच्या दशकात त्याला परत आणण्याचा प्रयत्नही फसला. १९६४ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी त्याला बर्फात गोठलेल्या अवस्थेत शोधून काढले. त्याचे जुने आयुष्य जसेच्या तसे राहिले; मधल्या वर्षांत जग पुढे गेले आणि तो मागे राहिला, हेच त्याचे दुःख आणि हेच नव्या कथांचे भांडवल ठरले. पन्नाशीच्या दशकातल्या विसंगत कथांचे काय, हा प्रश्न १९७२ मध्ये आला तेव्हा त्या रद्द केल्या गेल्या नाहीत. तो कॅप्टन अमेरिका म्हणजे वेगळाच एक माणूस होता, असे सांगून त्यांतूनच नवा प्रतिस्पर्धी तयार झाला.

मराठीतले जवळचे उदाहरण फास्टर फेणेचे. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे १९८७ मध्ये दूरदर्शनवर आला, तेव्हा तो शाळकरीच होता. २०१७ च्या आदित्य सरपोतदार दिग्दर्शित चित्रपटात अमेय वाघचा फेणे तरुण झाला आणि वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या घोटाळ्यात शिरला. चित्रपट चटपटीत आहे, आणि खुद्द भागवतांना पडद्यावर पात्र करण्याची कल्पना दाद देण्यासारखी. पण आधीच्या कारनाम्यांची कमाई त्या तरुणाच्या गाठीला नाही. शाळकरी वयात चोर-हेर पकडलेला मुलगा मोठा झाल्यावर व्यवस्थेकडे कसा पाहील, हा रसाळ प्रश्न चित्रपटाने हातातून सोडला. सायकल आणि तोंडचे ‘ट्टॉक्’ राहिले, अनुभव राहिला नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की नव्या वाचकाला जुना इतिहास जड होतो. मस्कतमधल्या अल् घुब्राच्या इंडियन स्कूलमध्ये शिकणाऱ्या मराठी मुलाने इंद्रजालचा एकही अंक पाहिलेला नसतो, त्याला चंबळ कशाला? पण ज्याने पहिली आवृत्ती वाचलीच नाही, त्याच्यासाठी दुसरी आवृत्ती पहिलीच असते. रीबूट त्याच्या सोयीसाठी नसतो. जुन्या वाचकाच्या डोक्यातले काढून टाकण्यासाठी असतो. वेताळाच्या कथांत उशिरा येणाऱ्यांसाठी दोन-तीन चौकटींत वंशकथा सांगण्याची प्रथा आहे. तेवढ्यात काम भागते. अल् घुब्रातल्या मुलाला खरी अडचण वेगळीच आहे: मराठीत चित्रकथा त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. स्पायडर-मॅन मात्र इंग्रजीत पोहोचतो, आणि साठ वर्षांच्या इतिहासासह पोहोचतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १९७२ मध्ये चंबळचे शेकडो डाकू जयप्रकाश नारायण यांच्या प्रेरणेने शरण आले, आणि पुढे बहादूरचा शत्रूच हळूहळू इतिहासजमा झाला. शिवाय हाती बंदूक घेतलेले नागरिकांचे दल आजच्या वाचकाला रुचेल का? रुचू नये, असेच मी म्हणेन. छत्तीसगडमधल्या सलवा जुडूम या माओवादीविरोधी मोहिमेच्या काळात सामान्यांच्या हातात शस्त्रे देण्याचे परिणाम देशाने पाहिले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शस्त्रे देणेच बेकायदा ठरवले. एखाद्या नव्या कथेत आपल्याच दलातल्या तरुणाने केलेल्या अत्याचाराची चौकशी करणारा म्हातारा बहादूर दाखवता येईल. ज्याने बापाच्या मारेकऱ्याला बाप मानले, त्या माणसाने या चौकशीत काय निर्णय द्यावा? पाटी पुसली की हा प्रश्न विचारणारा माणूसच उरत नाही. म्हातारा नायक खपत नाही, हा समज तर फ्रँक मिलर यांनी १९८६ मध्येच मोडला: पन्नाशी ओलांडलेल्या बॅटमॅनची त्यांची कथा त्या नायकाच्या सर्वांत गाजलेल्या कथांपैकी एक आहे.

हे सगळे लेखकाच्या हातातले. बाकीचे प्रकाशकाच्या हातात आहे, आणि तिथे आपली बाजू लंगडी आहे. वेताळ स्वीडनमध्ये १९५० पासून आणि ऑस्ट्रेलियात १९४८ पासून स्वतःच्या नियतकालिकात नियमित येत राहिला. स्वीडिश संपादकांनी तर त्याच्या नव्या कथा स्वतः लिहवून घेतल्या. नायकाला घर मिळाले म्हणून तो टिकला, कोणी त्याला पुन्हा जन्माला घातले म्हणून नव्हे. मराठीत असे घर म्हणजे बालभारतीचे १९७१ पासूनचे ‘किशोर’, किंवा दिवाळी अंक. मात्र दिवाळी अंकांत चित्रकथेला अजून पाहुण्याचीच वागणूक मिळते. बहादूरचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांनी मूळ मराठी भाषांतरे आधी पुनर्मुद्रित करावीत, परदेशातल्या घरांसाठी डिजिटल प्रत सोबत द्यावी, आणि त्यानंतर एखाद्या मराठी लेखक-चित्रकार जोडीला वर्षाला चार कथांचे काम द्यावे. अट एकच घालावी: १९७६ नंतर घडलेले काहीही रद्द करायचे नाही.