पाच मिनिटांचे आयुष्य : ‘पॅसेज’ या संगणकीय खेळाची समीक्षा आणि अध्यापकांपुढील प्रश्न

प्रास्ताविक

संगणकीय खेळ म्हटले की अध्यापकवर्गात साधारणपणे एकच प्रतिक्रिया उमटते : विद्यार्थ्यांचा वेळ खाणारी आणखी एक गोष्ट. ही प्रतिक्रिया निराधार नाही. तथापि २००७ साली जेसन रोहरर या अमेरिकन निर्मात्याने एकट्याने तयार केलेल्या ‘पॅसेज’ या अवघ्या पाच मिनिटांच्या खेळाने समीक्षकांना वेगळाच प्रश्न विचारायला लावला. ज्या खेळात जिंकणे नाही, संवाद नाही आणि शेवट ठरलेला आहे, तो खेळ प्रौढ माणसांच्या डोळ्यांत पाणी कसे आणतो? आणि डोळ्यांत पाणी आले, एवढ्यावरून ती कलाकृती थोर ठरते काय?

हा प्रश्न साहित्याच्या अध्यापकाला अपरिचित नाही. कविता वाचून विद्यार्थी भारावला की तिथे अध्यापन संपत नाही, तिथे ते सुरू होते. प्रस्तुत लेखात ‘पॅसेज’ला लाभलेल्या समीक्षेचा आढावा घेऊन, त्या समीक्षेत टिकाऊ काय आणि उथळ काय, याचा विचार केला आहे. पांढुर्णा आणि सौसर या मध्य प्रदेशातील मराठीभाषक तालुक्यांतील अध्यापकांना हा विषय आणखी एका कारणाने जवळचा वाटावा. घरी मराठी, पाठ्यपुस्तकात हिंदी आणि काही घरांत उर्दू, अशा वर्गासमोर कोणतीही कृती ठेवताना ‘कोणाच्या भाषेतली?’ हा प्रश्न आधी येतो. ‘पॅसेज’मध्ये नावाखेरीज शब्दच नाहीत.

खेळाचे स्वरूप

माँट्रियल येथील कोकोरोमी या गटाने २००७ साली ‘गामा २५६’ हा उपक्रम भरवला. खेळाचे चित्र २५६ गुणिले २५६ पिक्सेलपेक्षा मोठे नसावे, ही त्याची अट होती. रोहरर याने ही अट आणखी घट्ट केली. त्याच्या खेळाची चौकट १०० पिक्सेल रुंद आणि फक्त १६ पिक्सेल उंच आहे. पडद्यावर दिसते ती एक अरुंद पट्टी.

पट्टीच्या डाव्या टोकाला एक तरुण उभा असतो. थोड्या अंतरावर एक तरुणी भेटते. तिला स्पर्श केला की दोघे एकत्र चालू लागतात. तिला वळसा घालून एकट्याने जाण्याचीही मुभा आहे. पुढे गेल्याने गुण मिळतात आणि सोबत असताना ते दुप्पट मिळतात. पट्टीच्या खालच्या अंगाला अडथळ्यांचे चक्रव्यूह आहे व त्यात खजिन्याच्या पेट्या ठेवलेल्या आहेत. बऱ्याच पेट्या रिकाम्या निघतात. कोणती भरलेली आहे, हे पेटीवरील रंगीत खड्यांच्या क्रमावरून हळूहळू ओळखता येते.

या मांडणीत एक कळीचा नियम आहे. दोघे मिळून चालताना जागा जास्त लागते. त्यामुळे ज्या फटीतून एकटा माणूस सहज निघून जातो, तिथे जोडी अडते. पेटी समोर दिसते, पण हाताला लागत नाही. सोबत एकदा पत्करली की सोडता येत नाही.

दुसरी योजना दृश्याची आहे. सुरुवातीला पट्टीचा उजवा भाग दाटीवाटीने दाबलेला व अस्पष्ट असतो. पुढे काहीतरी आहे, एवढेच कळते. काळ सरतो तसा नायक पट्टीवर उजवीकडे सरकत जातो आणि मागचा भाग तसाच दाटीवाटीचा होतो. तारुण्यात सगळे पुढे असते, म्हातारपणी सगळे मागे उरते. केस पिकतात, टक्कल पडते. मग एका क्षणी पत्नीच्या जागी थडगे दिसते. नायकाची चाल मंदावते. काही वेळाने तोही थडगे होतो. वर मिळवलेल्या गुणांचा आकडा तेवढा दिसत राहतो आणि खेळ संपतो.

स्वागताची पहिली लाट

हा खेळ मोफत वाटला गेला व त्याची संगणकीय संहिता सर्वांसाठी खुली ठेवली गेली. त्यामुळे तो वेगाने पसरला. क्लिंट हॉकिंग हे मोठ्या व्यावसायिक खेळांचे निर्माते. त्यांनी २००८ साली आपल्या व्यवसायबंधूंसमोर हा खेळ खेळून आपल्याला रडू आले, असे सांगितले. त्यांचा रोख स्वतःच्या व्यवसायावर होता. अफाट खर्चाच्या आणि शेकडो माणसांच्या बळावर जे साधत नाही, ते एका माणसाने १६ पिक्सेलच्या उंचीत साधले, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘एस्क्वायर’ या अमेरिकन मासिकाने रोहररवर दीर्घ लेख छापला. २०१२ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आपल्या संग्रहासाठी पहिले १४ संगणकीय खेळ निवडले. ‘पॅक-मॅन’ आणि ‘टेट्रिस’ यांच्या पंक्तीत ‘पॅसेज’ही होता. २०१६ साली वेल्सली कॉलेजच्या डेव्हिस संग्रहालयाने रोहररच्या एकूण कामाचे स्वतंत्र प्रदर्शन मांडले.

या पहिल्या लाटेतील बरीच समीक्षा ‘रडू आले’ या साक्षीवर उभी होती. साक्ष प्रामाणिक असेल, परंतु साक्ष म्हणजे समीक्षा नव्हे. पत्नीचा मृत्यू, वार्धक्य, थडगे या गोष्टी कोणत्याही माध्यमात मन हलवतात. बाजारू चित्रपटही त्या वापरतात. तेव्हा भावना कोठून आली, विषयातून की रचनेतून, हे दाखवून देणे समीक्षकाचे काम ठरते.

नियमांचे वाचन आणि त्यावरील वाद

या दृष्टीने इयान बोगॉस्ट यांचे लेखन महत्त्वाचे आहे. खेळाचा अर्थ त्याच्या कथेत किंवा चित्रात नसून त्याच्या नियमांत व प्रक्रियेत असतो, अशी त्यांची भूमिका. २००९ साली त्यांनी ‘पॅसेज’, रॉड हंबल यांचा ‘द मॅरेज’ आणि जोनाथन ब्लो यांचा ‘ब्रेड’ या खेळांना एका शैलीत बसवले. या खेळांत नियम हाच रूपकाचे काम करतो. सोबत असली की अरुंद वाट बंद होते, हे ‘पॅसेज’ सांगत नाही. खेळणाऱ्याला तिथे अडवून ते त्याच्या हाताला कळू देते.

मिगेल सिकार्ट यांनी २०११ साली या विचारपद्धतीवर आक्षेप घेतला. अर्थ नियमांतच भरलेला असेल, तर खेळणारा माणूस केवळ तो अर्थ उचलून घेणारा हमाल ठरतो, असा त्यांच्या आक्षेपाचा मथितार्थ काढता येईल. खेळणाऱ्याचे स्वातंत्र्य, त्याचा खोडकरपणा, त्याने नियमांना दिलेला स्वतःचा अर्थ यांना या पद्धतीत जागा उरत नाही.

या वादात दोन्ही बाजूंचे काही खरे आहे आणि ‘पॅसेज’ त्याचे चांगले उदाहरण आहे. रोहररने खेळासोबत एक निवेदन प्रसिद्ध केले. तिशीत पाऊल ठेवताना आणि जवळच्या स्नेह्याचा मृत्यू पाहिल्यानंतर हा खेळ सुचला, असे त्यात तो सांगतो आणि एकेका नियमामागचा हेतू उलगडतो. खेळण्याची वा अर्थ लावण्याची एकच बरोबर रीत नाही, हेही तो कबूल करतो आणि निवेदन खेळून झाल्यावरच वाचावे, असे सुचवतो. पण अनेकांनी आधी निवेदन वाचले आणि मग तेच खेळात पाहिले. परिणामी बरीच स्तुती ही खेळाची नसून निवेदनाची स्तुती झाली. कवीच्या मनोगतावरून कवितेचे उत्तर लिहिणारा विद्यार्थी ज्या चुकीत सापडतो, तीच ही चूक.

‘हे कला नव्हेच’ असे म्हणणारे

चित्रपटसमीक्षक रॉजर ईबर्ट यांनी २०१० साली संगणकीय खेळ कधीच कला होऊ शकत नाहीत, असे लिहिले. त्याच वर्षी, पुरेसे खेळ न खेळता असे विधान करायला नको होते, असेही त्यांनी मान्य केले. न्यूयॉर्कच्या संग्रहालयाचा निर्णय जाहीर झाल्यावर ‘द गार्डियन’मध्ये जोनाथन जोन्स यांनी विरोध केला. कलाकृती ही एका व्यक्तीच्या दृष्टीतून उतरते. खेळात निर्माता आणि खेळणारे यांच्यात कृती वाटली जाते, म्हणून ती कोणा एकाची राहत नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. नेमक्या ‘पॅसेज’च्या बाबतीत हा युक्तिवाद लंगडा पडतो. एका माणसाने, स्वतःच्या आयुष्यातील अनुभवावरून, स्वतःच्या पत्नीला पात्र करून हा खेळ लिहिला आहे. उलट येथे तक्रार करायची तर निर्मात्याची पकड फार घट्ट आहे, अशीच करावी लागेल.

या पकडीचा सर्वांत मोठा तोटा पत्नीच्या चित्रणात दिसतो. खेळणारा नेहमी पुरुषच असतो. ती वाट निवडत नाही, पेटी उघडत नाही, मत देत नाही. तिच्या असण्याने गुण दुप्पट होतात आणि वाट अरुंद होते. म्हणजे ती व्यक्ती नसून एक नियम आहे. विद्यार्थिनींच्या वर्गात हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जाईल आणि तो विचारला जावा. सहजीवनाविषयीची कृती म्हणून ‘पॅसेज’ येथे उणी ठरते. एका माणसाच्या मृत्युभानाविषयीची कृती म्हणून ती उभी राहते.

आपल्या परंपरेतील पट

आयुष्य खेळाच्या नियमांत मांडण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. मराठी परंपरेत मोक्षपट आहे; त्याचा संबंध लोकपरंपरा ज्ञानेश्वरांशी जोडते. सूफी परंपरेतही असाच पट ‘शतरंज-उल-आरिफीन’ या नावाने ओळखला जातो. त्याच्या घरांवर साधकाच्या आत्मिक अवस्था लिहिलेल्या असतात. दोन्ही पटांत गुणाची शिडी वर नेते, दोषाचा साप खाली आणतो आणि प्रवास एका परम ठिकाणी पोचतो. ‘पॅसेज’मध्ये शिडीही नाही, सापही नाही. सद्गुणी आणि लोभी, जोडीने चाललेला आणि एकटा, सर्वांचा शेवट सारखाच आहे. निवड फक्त वाटेपुरती आहे. पटावरचा खेळ शेवटाचे मोल सांगतो. ‘पॅसेज’ वाटेचे मोल विचारतो. हा फरक ज्याला स्पष्ट दिसला, त्याने या खेळाची अर्धी समीक्षा केली, असे म्हणता येईल.

पांढुर्ण्याच्या विद्यार्थ्याला तर ‘खेळ म्हणजे करमणूक’ ही व्याख्या पटणेच कठीण. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते आणि पांढुर्णा व सावरगाव यांच्यात गोटमार होते. तिच्यामागे सांगितली जाणारी कथा एका जोडप्याचीच आहे : सावरगावची मुलगी घेऊन निघालेला पांढुर्ण्याचा मुलगा नदीच्या मध्यावर अडला आणि दोन्ही काठांवरून दगड आले. गोटमारीत दरवर्षी माणसे जखमी होतात, काहींनी जीवही गमावला आहे. तिचे गौरवीकरण करण्याचे कारण नाही. पण खेळाच्या पोटात शोक असू शकतो, हे या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. समूहाने वाहिलेला शोक आणि एकट्याने पडद्यासमोर अनुभवलेला शोक यांची तुलना हा चांगला वर्गपाठ होईल.

अध्यापनाच्या दृष्टीने

संस्कृत काव्यशास्त्रातील साधारणीकरणाची कल्पना येथे उपयोगी पडते. नाटकातील दुःख प्रेक्षकाचे खासगी दुःख राहत नाही, म्हणून ते आस्वाद्य होते. खेळात मात्र एक गोष्ट वाढते. प्रेक्षक पाहतो, खेळणारा करतो. पेटीच्या मागे धावण्यात वेळ गेला, तो त्याच्याच बोटांनी घालवलेला असतो. थडगे दिसते तेव्हा शोकाबरोबर थोडी जबाबदारीही जाणवते. ‘पॅसेज’चा परिणाम नेमका या ठिकाणी घडतो आणि तो केवळ विषयाच्या करुणतेने घडत नाही.

वर्गात हा खेळ ठेवायचा तर काही पथ्ये पाळावीत. निर्मात्याचे निवेदन आधी वाचून दाखवू नये. प्रत्येक विद्यार्थ्याने खेळ दोनदा खेळावा, एकदा सोबत घेऊन आणि एकदा एकट्याने. त्यानंतर ‘काय वाटले?’ असे न विचारता ‘कुठे अडलात आणि तेव्हा काय केलेत?’ असे विचारावे. उत्तर मराठीत येवो, हिंदीत वा उर्दूत; ते कृतीविषयी असेल, नुसत्या भावनेविषयी नसेल.

समारोप

‘पॅसेज’ ही निर्दोष कृती नाही. तिच्यातील स्त्री अपुरी आहे आणि तिच्या निर्मात्याने तिचा अर्थ थोडा जास्तच सांगून ठेवला आहे. तरीही नियमातून भाव निर्माण होतो, हे तिने पाच मिनिटांत दाखवून दिले, आणि ते ज्यांनी नेमके दाखवले त्यांचीच समीक्षा आज वाचण्याजोगी उरली आहे. ज्यांनी केवळ अश्रू मोजले आणि ज्यांनी न खेळताच निकाल दिला, ते दोघेही कृतीपर्यंत पोचले नाहीत. आपल्या विद्यार्थ्यांनी या दोघांपैकी कोणीही होऊ नये, एवढे साधले तरी पाच मिनिटे वाया गेली असे होणार नाही.