पाण्याचं दूध आणि गायब माणसं

नदीच्या फोटोंचं प्रदर्शन बघायला गेलो होतो. दोस्त म्हणाला, 'प्रायोगिक फोटो आहेत, तुझ्या कवितेला उपयोगी पडतील.' सूतगिरणीतली रात्रपाळी संपवून तसाच गेलो. केसांत कापूस, डोळ्यांत झोप. भिंतीवर पंधरा-वीस फ्रेमा. सगळ्यांत नदी, सगळ्यांत घाट आणि सगळ्यांत पाण्याचं दूध झालेलं. पायऱ्या कोरीव, देऊळ ठसठशीत. माणूस मात्र औषधालासुद्धा नाही.

अभिप्रायाच्या वहीत लोकांनी लिहिलं होतं : अप्रतिम, शांत, आध्यात्मिक. मी लिहिलं : धुणं धुणाऱ्या बाया कुठं गेल्या? सही केली आणि निघून आलो. नंतर वाटलं, नुसता प्रश्न टाकून पळणं ही काही टीका नव्हे. म्हणून हे लिहितो.

आधी यंत्र समजून घेऊ. कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरतं उघडलं तर उडालेला थेंब हवेतच थांबतो. तेच शटर तीस सेकंद उघडं ठेवलं तर पाण्यावर पाणी चढत जातं आणि सगळ्याचं धुकं होतं. दिवसाउजेडी एवढा वेळ उघडं ठेवलं तर फोटो पांढराफटक पडेल, म्हणून भिंगापुढं काळी काच लावतात. अशी एक काच उजेडाचा हजारातला एकच भाग आत सोडते. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा आणि वाट बघायची. एवढंच.

यात लबाडी नाही. पण या तीस सेकंदांत जो हलतो तो पुसला जातो, आणि जो हलत नाही तो उरतो. आता सांगा, घाटावर कोण हलत नाही? दगड. देऊळ. फार तर डोळे मिटून बसलेला एखादा बुवा. आणि हलतं कोण? धुणं आपटणारी बाई, म्हशी धुणारं पोर, जाळं फेकणारा, निर्माल्य उपसणारा. म्हंजे जो राबतो तो हलतो, आणि जो हलतो तो फोटोतून जातो.

छायाचित्रणाची ही खोड जन्मापासूनची आहे. घटकाभर नदी सोडून पॅरिसच्या रस्त्यावर चला. 1838 साली दागेर यांनी खिडकीतून एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो घेतला. त्याला काही मिनिटं लागली. गाड्या, घोडे, माणसं हलती होती, ती सगळी नाहीशी झाली. उरला एक जण, कारण तो बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा होता. माणूस दिसणारा सगळ्यात जुना फोटो म्हणून तो ओळखला जातो. बूटवाला उभाच्या उभा स्पष्ट आहे. त्याच्या पायाशी पॉलिश करणारा आहे, तो पुसट. त्याचे हात चालू होते ना!

माझंही तेच. मी रिंगफ्रेमवर आहे. स्पिंडल मिनिटाला पंधरा हजारांवर फेरे घेतं, पण डोळ्याला थांबल्यासारखं दिसतं. तुटलेला धागा सांधत माझा हात फिरत असतो. तिथं कुणी काळी काच लावून फोटो काढला तर बॉबिन छान येईल, हात येणार नाही.

कुणी म्हणेल, मग प्रयोग करायचेच नाहीत का? करायचे की! 1850 च्या दशकात गुस्ताव ल ग्रे यांनी समुद्र एका निगेटिव्हवर आणि आकाश दुसऱ्या निगेटिव्हवर घेऊन दोन्ही एकाच फोटोत छापलं. तेव्हाच्या रसायनाला दोन्हींचा उजेड एकदम पेलत नव्हता. ती युक्ती अडचणीतून आली. आपल्याकडं रघुबीर सिंग (1942–1999) यांनी गंगेकाठ रंगीत फिल्मवर काढला. त्यांचा 1967 सालचा मुंगेरचा फोटो बघा. पावसात सापडलेल्या बाया एकमेकींना बिलगून उभ्या आहेत. गंगा दाखवायला त्यांना बाया पुसाव्या लागल्या नाहीत.

म्हणून मीही करून बघितलं. पंचगंगेच्या घाटावर मोबाइल घेऊन गेलो. पहिला फोटो मीही दुधाचाच काढला, कबूल करतो. सांडपाण्याचा फेस तरंगत होता, फोटोत त्याची रेशमी वेलबुट्टी झाली. नाकाला वास येत होता, फोटोला नाही. तो पुसून टाकला.

मग दुसरी रीत धरली. तिला पॅनिंग म्हणतात. शटर सेकंदाच्या तिसाव्या भागावर ठेवायचं आणि कॅमेरा गच्च न धरता चालणाऱ्या माणसाच्या बरोबरीनं फिरवायचा. मग माणूस थांबतो आणि मागचं जग पळतं. डोक्यावर धुण्याचं बोचकं घेऊन एक मावशी घाटाच्या कडेनं चालली होती. विचारलं, 'मावशी, फोटो काढू?' ती म्हणाली, 'माझा कशाला काढतूस लेकरा, देवळाचा काढ की.' पुढचे चार दिवस तिच्या फेऱ्यांबरोबर फिरलो. वीसेक फोटो वाया गेले. एक जमला. बोचकं आणि चेहरा स्पष्ट, पाय धूसर, पायऱ्यांच्या आडव्या रेघा. मावशीनं बघितला आणि विचारलं, 'देऊळ कुठं गेलं?' म्हटलं, 'मागं हाय, पण हललं.' ती हसली.

दोस्तहो, आपल्यासाठी पाणवठा हा कधीच रिकामा देखावा नव्हता. 20 मार्च 1927 ला महाडला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले, तेव्हा पाण्याला हात कुणाचा लागतो हाच सगळा झगडा होता. त्या काठावरून माणूस वजा करून उरतं ते सौंदर्य मला सौंदर्य वाटत नाही. मंद शटर वाईट नाही. कॅमेरा कुणाबरोबर चालतो, तेवढं बघा. देवळाजवळ ट्रायपॉड रोवून बसणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे : एकदा तो उचला आणि बोचकं घेतलेल्या बाईच्या चालीनं चालून बघा. हात दुखतील. फोटो बिघडतील. त्यातला एखादा खरा निघेल.