यंत्राचा स्वर आणि मनाची साक्ष

शाहूपुरींतील आमच्या वाचनबैठकीस गेल्या महिन्यांत एका तरुण मित्रानें बोटास लावावयाचें लहानसें यंत्र आणिलें. बोटाच्या त्वचेवर सूक्ष्म घाम आला कीं त्याचा स्वर चढतो. तो ओसरला कीं उतरतो. “मनांतली खळबळ हें सांगतें, मग आत्मपरीक्षण हवें कशाला?” असा मित्राचा प्रश्न. त्याचा विचार करणें अवश्य आहे.

ही कल्पना नवी नव्हे. ‘बायोफीडबॅक’ हें नांव अमेरिकेंत १९६९ च्या सुमारास रूढ झालें. परंतु १९०७ सालींच युंग व पीटरसन यांनीं एकेक शब्द उच्चारून गॅल्व्हानोमीटरचा कांटा कोठें हलतो तें पाहिलें होतें. आपल्याकडे स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें, आणि योगक्रियांस क्ष-किरणांची व दाबमापकाची कसोटी लाविली. श्रद्धेचा विषय मोजमापापुढें ठेवण्यास धैर्य लागतें.

त्या कसोटीचें मोल वेंगर, बागची व आनंद यांच्या १९६१ सालच्या निबंधावरून कळतें. हृदय थांबवितों असें म्हणणाऱ्या योगाभ्यासकांची त्यांनीं भारतांत परीक्षा केली. मनगटाची नाडी लागेनाशी झाली, तरी हृदयाचा विद्युदालेख चालूच राहिला. श्वास कोंडून छातीवर ताण दिल्यानें रक्ताचा ओघ क्षीण झाला होता, एवढेंच. स्वानुभवाची खात्रीहि चुकूं शकते, हें यंत्रानें दाखविलें. हा त्याचा मोठा उपकार होय.

पण त्यापुढें यंत्राची मर्यादा लागते. दीर्घ श्वास घेतला तरी त्वचेचा तो स्वर चढतो. युंगच्या रीतीनें आम्हीं मित्रापुढें निरनिराळे शब्द उच्चारिले. ‘वडील’ म्हणतांच स्वर एकदम चढला. हें प्रेम, भय, कीं राग? यंत्रास तें ठाऊक नव्हतें. मित्रासहि क्षणभर उमगलें नाहीं. थोड्या वेळानें तो हळूच म्हणाला, “दोन महिने झाले, त्यांच्याशीं बोललों नाहीं.”

त्याच्या प्रश्नाचें उत्तर त्याच्याच मुखांतून आलें. जें तो स्वतःपासून लपवीत होता, तिकडे यंत्रानें लक्ष वेधिलें. पण त्याचा अर्थ त्यालाच शोधावा लागला. यंत्रानें दिलेली सूचना जो नाकारील तो हट्टी, आणि त्या सूचनेसच आत्मज्ञान मानील तो आळशी. मित्र त्या दिवशीं यंत्र तेथेंच विसरून लौकर घरीं गेला.